माझ्या नणंदेच्या सासूबाईंचे गुडघे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर माझ्या नणंदेच्या सासूबाईंइतकं हट्टी माणूस दुसरं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. पश्चिम किनाऱ्याची मला माहिती नाही. पण तिकडे तसं कोणी असलंच, तर त्या दोघांची गाठ पडली नाही हे देशाचं नशीब. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये त्या मुलाकडे राहायला आल्या तेव्हा पासष्टी उलटून गेली होती. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर खेळ शिकवला, मुख्यतः खो-खो, आणि शाळेतल्या मुली म्हणायच्या म्हणून गल्ली, सासर, माहेर आणि पुढे आमचं महाराष्ट्र मंडळसुद्धा त्यांना ‘बाई’च म्हणू लागलं. त्यांचा मुलगा श्रीकांत एरवी त्यांना ‘आई’ म्हणायचा, पण घाबरला की त्याच्याही तोंडून ‘बाई’ निघून जायचं. बाई सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि त्यांच्या गळ्यात पूर्वी मंगळसूत्राबरोबर शिट्टीही असायची, ती आता एकटीच उरली होती. जेवायला बोलवायचं तर त्या जिन्याखाली उभ्या राहून शिट्टी फुंकायच्या. मंडळाच्या गणपतीत जेवणाची रांग वाकडी झाली की कमिटीच्या लोकांआधी बाई पोहोचायच्या आणि मोठमोठ्या कंपन्यांमधले डायरेक्टर हातात कागदी प्लेट घेऊन एका हाताचं अंतर राखून उभे राहायचे. एकदा त्यांच्या घरासमोरून रोज पळणाऱ्या एका गोऱ्या गृहस्थाला त्यांनी अंगणातून मराठीतच ओरडून सांगितलं, “अहो, गुडघे वर! गुडघे वर घ्या!” आणि हातानं करूनही दाखवलं. तो बिचारा थांबला, हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरापुरते तरी गुडघे वर घेऊन पळू लागला.

दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर एवढं लक्ष असणाऱ्या या बाईंचे स्वतःचे गुडघे मात्र पार कामातून गेले होते. चाळीस वर्षं मैदानावर उठाबशा काढल्यावर दुसरं काय होणार? मी पार्सिपनीला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचे. तिथं कामाला असल्यामुळे मला डॉक्टरीतलंही थोडं कळतं, अशी घरच्यांची समजूत होती, म्हणून अस्थितज्ज्ञाकडे जाताना स्मिता, म्हणजे माझी नणंद, मलाही बरोबर घेऊन गेली. डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरून दाखवला. दोन हाडांमधली कूर्चा झिजून गेली होती, हाडावर हाड घासत होतं. त्यानं दोन्ही गुडघे बदलायचा सल्ला दिला. मी तो बाईंना मराठीत सांगितला. बाईंनी एक्स-रेकडे शाळेतल्या प्रगतिपुस्तकाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, “पास व्हायला किती मार्क लागतात ते विचार. बदलायचं नंतर बघू.”

हा विषय तिथंच मिटला असता, पण त्या हिवाळ्यात त्यांना जिना चढवेना. अमेरिकेतली ही टाउनहाउसं म्हणजे उभी उंच घरं. झोपायच्या खोल्या सगळ्या वर. श्रीकांतनं शेवटी आईचा पलंग खाली आणून दिवाणखान्यात लावला, सोफा गॅरेजमध्ये गेला. त्याचा हेतू चांगला होता. पण आम्ही पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे जेवायला गेलो, तेव्हा बाई त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत आपली उशी, आपलं पांघरूण, आपल्या औषधाच्या बाटल्या. शिट्टी उशाशी पडली होती. मी शेजारी बसले तर म्हणाल्या, “मला हॉलमध्ये मांडून ठेवलंय बघ.” एवढंच. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता.

मग त्यांनी ठरवलं, की वर जायचं. कसं ते ठरलं नव्हतं, पण जायचं. त्यासाठी आधी चालायला हवं म्हणून थंडी जरा कमी असली की त्या कोट, मफलर, कानटोपी आणि साडी असा सगळा संसार अंगावर चढवून कॉलनीतल्या तळ्याभोवती काठी टेकत चालू लागल्या. तिथंच त्यांना ती भेटली. चार घरं सोडून राहणाऱ्या एका चिनी इंजिनिअरची आई. बाईंच्याच वयाची, बाईंच्या निम्म्या आकाराची, हात पाठीमागे बांधून तुरुतुरु चालणारी. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि बाईंना जे येत होतं ते मैदानापुरतं होतं: ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘फाउल’. तरी दोघींची पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली. बाई सांगलीचं सगळं मराठीत सांगायच्या, ती तिच्या गावचं चिनीत सांगायची, आणि दोघीही एकमेकींचं बोलणं मध्ये तोडत नसत. मी स्मिताला म्हटलं, “आपल्या घरात एवढं शांतपणे कुणी कुणाचं ऐकतं का?” ती म्हणाली, “समजत नाही म्हणून ऐकतात गं.”

एक दिवस तळ्याकाठच्या बाकावरून उठताना बाई कळवळल्या. चिनी आजीनं तिथल्या तिथं खाली बसून, साडी घोट्यावरून वर सरकवून, गुडघ्याच्या वाटीखालचे दोन खळगे बोटांनी चाचपले, मग वाटीखाली चार बोटं आडवी ठेवून आणखी एक जागा दाबली. “नेमकं तिथंच!” बाई आम्हाला सांगायच्या. “मी सांगितलं नाही हं. तिची बोटं आपणहून गेली.” दुसऱ्या दिवशी ती एक पिशवी घेऊन घरी हजर झाली. पिशवीत चिरुटासारख्या जाड कांड्या होत्या. कसल्याशा वाळवलेल्या पानांचा कापूस करून तो कागदात घट्ट वळलेला. तिच्या सुनेनं फोनवर स्मिताला इंग्रजीत समजावलं, की याला मॉक्सा म्हणतात. कांडी पेटवायची, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी धुमसू द्यायची आणि कातडीला न टेकवता जवळ धरून शेक द्यायचा. बाईंनी कांडी नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा उजळला. “अगं, हा तर दवणा! आपण जोतिबाला वाहतो तो!” मी प्रयोगशाळेतल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाला विचारलं, तर दवणा नव्हे पण त्याच कुळातली वनस्पती निघाली. मी हे बाईंना सांगितलं मात्र, माझं पुढचं काही ऐकायला त्या तयार नव्हत्या. चुलत का होईना, दवणा तो दवणाच.

पुढचं काही म्हणजे एवढंच, की शेकानं बरं वाटतं, पण झिजलेली कूर्चा परत येत नाही. बरं वाटतं ते कांडीमुळे, उबेमुळे की कुणी तासभर आपले पाय हातात घेऊन बसल्यामुळे, हे सांगता येणार नाही. आणि ते बघायचंच असेल, तर आधी एकाच गुडघ्यावर उपचार करून दुसरा तसाच ठेवू, मग तुलना करू, असं मी फार उत्साहानं सुचवलं. मला बाई कधी नावानं हाक मारत नसत. “लॅबवाले,” त्या म्हणाल्या, “एक गुडघा बरा आणि एक आजारी ठेवून मी काय तुमच्या घरात लंगडी खेळू?”

चिनी आजीचं काम मी स्वतः बघितलंय. बाई खुर्चीत, पाय स्टुलावर. ती जमिनीवर मांडी घालून. कांडीचं धुमसतं टोक त्या खळग्यांवर चिमणीनं दाणे टिपावेत तसं खाली-वर, खाली-वर नाचवायचं. दुसऱ्या हाताची दोन बोटं सतत जवळच्या कातडीवर, म्हणजे चटका बाईंच्या आधी तिला कळणार. कातडी गुलाबी झाली की पुढची जागा. राख पडायला आली की तांदळाच्या वाडग्यात झटकायची. आणि धूर! शिमग्याला भर दुपारी खोलीत होळी पेटवल्यासारखा धूर. सुरुवातीला दोघी खिडकी उघडायच्या, पण एक दिवस बाहेर बर्फ पडत होतं म्हणून त्यांनी ती उघडली नाही.

स्मिता आणि श्रीकांत ऑफिसात होते. त्यांची मुलगी नेहा शाळेतून घरी आली तेव्हा धुराचा अलार्म कोकलत होता, शेजारणीनं फोन केला होता, आणि लालबुंद बंब बर्फातून वळून दारात येत होता. पुढचं सगळं नेहानंच आम्हाला सांगितलं, इंग्रजीत आणि हसून हसून लोळत. शिरस्त्राण घातलेले दोन धिप्पाड जवान कुऱ्हाडी घेऊन आत घुसले, तर दिवाणखान्यात दोन म्हाताऱ्या. एकीचा पाय स्टुलावर, दुसरीच्या हातात पेटलेला चिरूट. चिनी आजीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि परत गुडघ्याकडे वळली, कारण त्या जागेचा शेक पुरा व्हायचा होता. जवानानं हवेत नाक फेंदारून हुंगलं. त्या कांडीचा धूर गांजासारखा वास मारतो, हे आम्हाला तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

“मॅम,” तो फार अदबीनं म्हणाला, “तुम्ही काय ओढताय?”

बाईंनी आयुष्यातलं सगळं इंग्रजी गोळा केलं. “नो, नो! मी नो स्मोकिंग,” त्या म्हणाल्या आणि पायाकडे बोट दाखवलं. “ओन्ली नी स्मोकिंग!” मग तो कांडी विझवायला पुढे झाला, तेव्हा त्यांनी हात आडवा केला. “स्टॉप! वन मिनिट. अदर नी.”

त्या रात्री, नेहमी समजूतदार असणारा श्रीकांत पहिल्यांदा चिडला. कॉलनीच्या असोसिएशनचा माणूस दारात येऊन गेला होता, शेजारणीनं नेहाला विचित्र प्रश्न विचारले होते. “आई, बास आता! हे घरात चालणार नाही. मी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतोय, ऑपरेशन करून टाकू.”

“घरात नाही ना चालणार?” बाई म्हणाल्या. “बरं.”

दुसऱ्या दिवशी उपचार केंद्र गॅरेजमध्ये गेलं. तिथं सोफा होताच. श्रीकांतची गाडी बाहेर बर्फात उभी राहू लागली आणि तो रोज सकाळी हातमोजे घालून काच खरवडताना दिसू लागला. गॅरेजचं दार धूर जायला गुडघाभर उघडं ठेवलेलं असायचं. त्या फटीतून आत येणारा वारा आणि त्यात कोट-कानटोपी घालून बसलेल्या दोघी, फक्त गुडघे तेवढे उघडे. एक दिवस मी त्यांना थर्मासमधून चहा घेऊन गेले. चिनी आजी कांडी बदलत होती. मी सहज म्हटलं, “बाई, ऑपरेशनला एवढं भिण्यासारखं काही नसतं हो आता. श्रीकांतही काळजीनंच म्हणतो.”

बाईंनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. मग म्हणाल्या, “श्रीकांतचे बाबा ऑपरेशनला गेले, ते छोटंसंच होतं. हर्नियाचं. मला म्हणाले, तू मॅच सोडून येऊ नकोस, मुलींची फायनल आहे, संध्याकाळी ये. मी संध्याकाळी गेले. कप हातात घेऊन गेले दाखवायला.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “कुणाची चूक नव्हती गं. हृदय थांबलं. पण तेव्हापासून मला ‘करून टाकू’ असं कुणी म्हटलं की पाय थंड पडतात. मला ठरवू दे. दुसरं काही नाही. माझं मी ठरवून गेले तर जाईन.” चिनी आजीला यातलं काही कळलं असणं शक्य नव्हतं. तिनं बाईंचा पाय दोन्ही हातांत धरला आणि कांडी पेटवायची तशीच ठेवली.

मी गाडीत बसण्याआधी श्रीकांतला बाजूला घेतलं आणि बाई बोलल्या ते सांगितलं. त्याला त्या कपाची गोष्ट माहीत नव्हती. तो तेव्हा लहान होता. त्यानं अपॉइंटमेंट कॅन्सल केली. आईला काही बोलला नाही, फक्त पुढच्या रविवारी गॅरेजमध्ये एक हीटर लागलेला दिसला.

हिवाळा सरला. बाईंच्या चालण्यात फरक पडला, हे माझ्यासारख्या संशयी बाईलाही कबूल करावं लागलं. ठणका कमी झाला होता, सकाळचे आखडलेले पाय लवकर सुटायचे, काठी कोपऱ्यात गेली होती. डॉक्टरनं नवा एक्स-रे काढला; तो जुन्यासारखाच होता. “पण दुखणं कमी आहे ना? मग चालू दे, फक्त भाजून घेऊ नका,” तो म्हणाला. मी भाषांतर केलं. बाईंनी एक्स-रेकडे बोट दाखवून सांगितलं, “याला सांग, मी फोटोवर चालत नाही.”

आणि एका रविवारी आम्ही जेवायला गेलो, तर दिवाणखान्यातला पलंग रिकामा. न्हाणीघरात नाहीत, गॅरेजमध्ये नाहीत, तळ्यावर नाहीत. श्रीकांत अंगणात जाऊन हाका मारू लागला, पहिल्यांदा “आई!” आणि मग “बाई! अहो बाई!” तेवढ्यात घराच्या वरच्या मजल्यावरून कर्कश शिट्टी वाजली. आम्ही सगळे जिन्यावरून धावलो. बाई आपल्या जुन्या खोलीत, खिडकीपाशी बसून केस विंचरत होत्या. घामानं डबडबल्या होत्या, पाय थरथरत होते, एका हातानं त्यांनी खिडकीची चौकट घट्ट धरली होती. “असे काय बघताय?” त्या म्हणाल्या. “पलंग वर आणा. आणि तो सोफा जागेवर ठेवा, पाहुणे काय म्हणतील!” नेहा “आज्जी, यू आर इन्सेन!” म्हणत त्यांच्या गळ्यात पडली. श्रीकांत मात्र जिन्यातच बसला, रुमालानं चष्मा पुसत. पलंग आम्ही त्याच दुपारी वर चढवला. जेवण थंड झालं, पण कुणी तक्रार केली नाही.

ती दोन वर्षं बाईंची होती. उन्हाळ्यात कॉलनीच्या हिरवळीवर त्यांनी खो-खो सुरू केला. आमची मराठी पोरं, शेजारची चिनी पोरं, आणि तो पळणारा गोरा गृहस्थ आपल्या जुळ्या मुलींना घेऊन. सगळी पोरं एकमेकांशी इंग्रजीत भांडायची, पण पाठीत थाप मारताना ‘खो!’ मात्र सांगलीचा. चिनी आजी कडेला बसून टाळ्या वाजवायची, बऱ्याचदा चुकीच्या वेळी.

मग तिच्या मुलाची नोकरी टेक्ससला गेली आणि ते सगळं कुटुंब प्लेनोला निघालं. जायच्या दिवशी ती कांड्यांचं एक अख्खं खोकं घेऊन आली. बाईंनी तिला साडी नेसवली. साडी तिच्याभोवती दोन वेढे जास्त फिरली. दोघी रडल्या नाहीत. नेहमीसारख्याच बोलल्या, एक मराठीत, एक चिनीत, जरा जास्त वेळ. गाडी वळली तेव्हा बाईंनी शिट्टी ओठांशी नेली आणि वाजवली नाही.

खोकं होतं, पण त्या हातांची सवय कुणाला? स्मितानं प्रयत्न केला, तर तिसऱ्या मिनिटाला फोड आला. “तुझा हात घाईचा आहे गं,” बाई मायेनं म्हणाल्या. “तुला ऑफिस असतं.” स्वतःच्या हातानं करायला जावं, तर वाकता येईना. मी केलं काही रविवार. मला वाटतं मी बरं करत होते, पण माझी बोटं आपणहून कुठे जात नव्हती. हळूहळू ठणका परत आला आणि एका जेवणाला बाईंनी पानावरून न उठता जाहीर केलं, “श्रीकांत, ऑपरेशन करायचंय. दोन्ही. तू ठरवलं नाहीस आणि डॉक्टरनंही नाही, मी ठरवलंय. आणि त्या दिवशी सगळ्यांनी सकाळपासून तिथं बसायचं. ऑफिस, शाळा, लॅब, कुणाची सबब ऐकणार नाही.” आम्ही सगळे बसलो. श्रीकांत तर आदल्या दिवशीपासून बसायला निघाला होता. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा पहिला प्रश्न “चालायचं कधी?” हा होता. पुढे त्यांना व्यायाम शिकवायला येणारी तरुण मुलगी महिनाभरात पाठ ताठ ठेवून चालायला शिकली.

दर रविवारी दुपारी प्लेनोहून फोन यायचा. स्मिता फोन उचलून बाईंना द्यायची आणि मग अर्धा-पाऊण तास दोघी बोलायच्या, पूर्वी तळ्याकाठी बोलायच्या तशाच. ऑपरेशन, टाके, नेहाचं कॉलेज, सगळं बाईंनी तिला सांगितलं, मराठीत. पलीकडून काय काय आलं, ते आम्हाला कधी कळलं नाही, बाई मात्र फोन ठेवून सांगायच्या, “बरी आहे ती. जरा सर्दी झालीय.”

शेवटी बाई सांगलीला परत गेल्या. कुणी पाठवलं नाही, कुणी बोलावलंही नाही. “पाय आहेत तर मैदानावर जाते,” एवढंच म्हणाल्या. विमानतळावर आणलेली चाकाची खुर्ची त्यांनी आपली बॅग ठेवायला वापरली आणि स्वतः ती ढकलत गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही स्मिताकडे जेवत होतो. फोन वाजला, मी जवळ होते म्हणून उचलला. पलीकडे चिनी आजीचा तोच बारीक आवाज. बाईंनी तिला जाण्याबद्दल सगळं सांगितलं होतं, पण मराठीत. दुसऱ्या दिवशी स्मितानं आजीच्या मुलाशी बोलून सांगलीचा नंबर दिला. त्या क्षणी मात्र माझ्यापाशी इंग्रजीचाही उपयोग नव्हता. मी म्हटलं, “बाई सांगलीला गेल्या हो. चालत गेल्या. अगदी छान चालत गेल्या.”

मग ती बोलू लागली, हळू, एकसारखं, मध्ये कुठे तरी हसूनसुद्धा. मला एक अक्षर कळत नव्हतं. स्मितानं खुणेनं विचारलं, आमटी गरम करू का? मी मानेनंच नको म्हटलं, खुर्ची ओढून घेतली, आणि तिचं संपेपर्यंत “हो, हो” म्हणत ऐकत राहिले.